गोव्यात हीटर कशाला?

मंडळी, ‘गाडीच्या हीटरची देखभाल-दुरुस्ती’ हा विषय वाचून काहींना हसू आलं असणार. गोव्यात गाडीचा हीटर? मे महिन्यात बोनेटवर पापड भाजतील आणि हा म्हणतो हीटर! हसा बिनधास्त. पण साखळीहून निघून केरीपुढे चोर्ल्याचा घाट चढायला लागा. जुलैचा पाऊस, आत पाच माणसं, चार ओल्या छत्र्या. काच आतून धुरकटते, फडका मारला की वर तेलकट पट्टे. अशा वेळी एसी आणि हीटर दोन्ही एकदम लावायचे. एसी हवेतला दमटपणा काढतो, हीटर तीच कोरडी हवा तापवून काचेवर सोडतो. नुसता गार एसी काचेवर सोडलात तर काच थंड पडून बाहेरून धुकं धरते, आणि माणूस आतून पुसत बसतो. ते वायपरने जातं. असो.

मुद्दा असा की हीटर हे वेगळं यंत्र नाहीच. इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, म्हणजे इंजिनात तापलेल्या कूलंटचा, एक फाटा दोन होज पाईपांतून डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये येतो. त्याला हीटर कोअर म्हणतात. त्यावरून ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, हवा ढकलतो, बस्स. म्हणून हीटर गार पडला की आधी इंजिनच्या कूलिंगची चौकशी करायची. उत्तरेत थंडी पडली की हे लगेच कळतं. आपण हीटर वर्षभर लावतच नाही, मग कळणार कसं? महिन्यातून एकदा इंजिन गरम असताना पाच मिनिटं लावून बघा.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते दुखणं. गाडी तापते म्हणून गॅरेजमध्ये न्या. निदान ठरलेलं: ‘पात्राव, आमगेर थंडी खंय? थर्मोस्टॅट काडून उडयतां.’ म्हणजे, शेठ, आपल्याकडे थंडी कुठे, थर्मोस्टॅट काढून टाकतो. आणि गिऱ्हाईक खूश, कारण काटा खाली आला! अहो, थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, तिच्यात मेणाची गोळी असते. ८२ अंशांचा असेल तर ती ८२ला फुगून वाट उघडायला लागते आणि साधारण ९५ला पूर्ण उघडते. तोवर कूलंट रेडिएटरकडे जात नाही, इंजिन लवकर गरम होतं. थर्मोस्टॅट काढला की इंजिन थंडच धावतं, इंजिनचा संगणक जादा पेट्रोल सोडत राहतो, ऑइलमधली ओल उडत नाही, कित्येक गाड्यांत पी ०१२८ हा, इंजिन पुरेसं तापत नाही असं सांगणारा, बिघाडाचा कोड येतो. हीटर अर्थातच कोमट.

एवढ्यावर थांबत नाही. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वरची वाट उघडताना ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायम उघडा, म्हणजे काही कूलंट रेडिएटरला वळसा घालून गरमच्या गरम इंजिनात परत. सपाटीवर थंड धावणारी ही गाडी अनमोडच्या चढावर तापते, आणि मालक म्हणतो, आता तर थर्मोस्टॅटही नाही!

दुसरा पराक्रम कूलंटऐवजी विहिरीचं पाणी ओतण्याचा. कुणाच्या विहिरीला लोह, किनाऱ्याकडे खारट. गंज आणि क्षार आधी अडकतात ते हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. कूलंट कुठलं ते मॅन्युअल सांगतं, रंग सांगत नाही.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे जाहीर केलेला विषय आता पळत पळत.

इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा. गरम असताना कॅपला हात लावायचा नाही. पातळी उतरली असेल तर गळती शोधा, नुसतं भरून विसरू नका. मग इंजिन गरम करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, फायरवॉलकडचे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीकडचे, दोन होज जपून चाचपा. दोन्ही गरम आणि हवा गार: कूलंट येतंय, बिघाड गरम-गार हवा वळवणाऱ्या आतल्या फ्लॅपचा, म्हणजे केबल सुटली किंवा फ्लॅपची छोटी मोटर गेली. एक गरम, दुसरा गार: कोअर तुंबला किंवा जुन्या गाडीतला हीटर वॉल्व्ह अडकला. दोन्ही कोमट: कूलंट कमी, आत हवा, नाहीतर थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला. तो काढून दोऱ्याने भांड्यातल्या पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर ठेवून पाणी तापवा आणि कधी उघडतो ते बघा. गार पाण्यातच उघडा दिसला तर नवा घाला, गॅस्केटसकट.

कूलंटमध्ये अडकलेली हवा काढायला गाडीचं नाक चढावर, इंजिन थंड, कॅप उघडी, हीटर गरमवर. मग इंजिन चालू करून बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट घालत राहा. तुंबलेला कोअर दोन्ही होज काढून उलट्या दिशेने धुवा, पण नळाच्या हलक्या धारेने. वॉशिंगचा पंप लावलात तर कोअर फुटेल आणि अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल.

ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडला चालतो? रेझिस्टर जळलाय. अजिबात नाही? फ्यूज, रिले, मग मोटर. हवा क्षीण? केबिन फिल्टर काढा, खाणपट्ट्यातली लाल धूळ आणि उंदराने आणलेला कचरा सापडेल.

शेवटचं, पायाखालचा गालिचा ओला असेल तर बोट लावून बघा. साधं पाणी असेल तर एसीची ड्रेन नळी तुंबली आहे. चिकट, गोडसर वासाचं असेल, काचेवरही तेलकट थर येत असेल, तर कोअर गळतोय. तेव्हा दोन होज एकमेकांना जोडून कोअर वगळून टाकतात. घरी पोचायला ठीक, पण पुढच्या जुलैत काच कशाने पुसणार? इलेक्ट्रिक गाड्यांचं राहिलं, ते प्रश्नांत घेऊ.