पावसाळ्याची चाकं वेगळी असावीत

नमस्कार मंडळी. बाहेरच्या फलकावर विषय लिहिलाय ‘कोकणातला पाऊस आणि गाडीचे टायर’, आणि मी सुरुवात करणार आहे स्टुटगार्टच्या बर्फातून. जरा कळ काढा, आंबोलीचा घाट मी विसरणार नाही. आणि टायर हा विषय सावंतवाडीला परका तरी कुठे आहे? पलीकडे दोडामार्गात रबराच्या बागा आहेत. झाडाला बांधलेल्या वाटीत ठिबकणारा तो पांढरा चीक जगभरच्या टायरांत जातो, आणि हिवाळी टायरांत तर त्याचं प्रमाण बहुधा जास्तच असतं.

तर स्टुटगार्ट. मी तिथल्या एका वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं चाकांच्या कामावर होतो. तिथे रिवाज असा की ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर, बाकीचे महिने उन्हाळी. कायद्यात तारीख नाही. पण रस्त्यावर बर्फ असेल तर त्याला योग्य टायर गाडीला हवेतच. ऑक्टोबर २०२४ पासून तर टायरच्या गालावर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह नसेल, तर तो हिवाळी टायर म्हणून धरतच नाहीत. त्यामुळे ऑक्टोबर लागला की आमच्या दारात रांग. बहुतेकांकडे रिमसकट दुसरा संच तयार असायचा. कित्येकांचा तर वर्कशॉपच्याच गोदामात, नाव-नंबराची चिठ्ठी लावून.

त्या रांगेतली माझी आवडती गाडी म्हणजे पोर्शे ९११. इंजिन मागे, ताकद मागच्या चाकांवर. पुढे २४५ मिलिमीटर रुंदीचा वीस इंची टायर, मागे ३०५ रुंदीचा एकवीस इंची. म्हणजे पुढचं चाक मागे जात नाही, मागचं पुढे येत नाही. अशी गाडी घेऊन एक वयस्कर डॉक्टरीणबाई यायच्या. मालकीण असली तरी उभी राहून काम बघणार. एकदा त्यांनी विचारलं, इतके महागडे रुंद टायर असताना हे बदलायचे कशाला? फार चांगला प्रश्न होता.

उत्तर रबरात आहे. आपलं खोबरेल तेल थंडीत जसं थिजतं, तसं उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली आखडायला लागतं. रस्त्याच्या खडबडीत अंगाला ते चिकटतच नाही. हिवाळी टायरचं रबर त्या थंडीतही मऊ राहतं, आणि त्या टायरच्या नक्षीतल्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. चाक टेकलं की त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. हा टायर पहिल्यांदा केला फिनलंडच्या लोकांनी, १९३४ साली, आणि तोही ट्रकसाठी. रुंदीचं गणित बर्फात उलटं असतं. अरुंद टायरखाली तेवढंच वजन कमी जागेवर येतं, तो बर्फ कापत खाली जातो. म्हणून हिवाळ्यासाठी जाणकार एक माप अरुंद घेतात, जमलं तर रिमही एक इंच लहान. पण स्पोर्ट्स गाडीचे ब्रेक एवढे मोठे, की फार लहान रिम कॅलिपरला, म्हणजे ब्रेकच्या चिमट्याला, जाऊन अडतं. तिथे हौस चालत नाही, मोजून घ्यावं लागतं.

आता चाक चढवायचं कसं ते ऐका, कारण आपल्याकडे नेमकं हेच होत नाही. जुनं चाक निघालं की आधी हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, चेहरा तारेच्या ब्रशने घासायचा. गंज, धूळ, मीठ, सगळं. मग सिरॅमिक ब्रेकची गाडी असेल तर बोल्टच्या भोकात लांब पिना लावायच्या आणि त्यांच्यावरून चाक सरकवायचं, म्हणजे रिम ब्रेकच्या तबकडीवर आपटत नाही. ती तबकडी टवकली तर काही लाखांचा फटका. मग बोल्ट हाताने, बोटांनी फिरवायचे. बोटांनी फिरत नसेल तर काहीतरी वाकडं आहे, थांबायचं. नंतर समोरासमोरचे आवळायचे, गाडी खाली टेकवायची, आणि शेवटी टॉर्क पान्हा, म्हणजे ठरवलेला पिळाचा जोर आला की सांगणारा पान्हा. पाच बोल्टच्या त्या गाडीला तो जोर १६० न्यूटन-मीटर. पान्हा ‘टक्’ करतो. टक् झालं की हात काढायचा. आणखी एक झटका द्यायचा नाही. पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासायचं. त्या डॉक्टरीणबाई प्रत्येक टक् मोजायच्या. वीस झाले की मगच चहा घ्यायच्या.

आणि आपल्याकडे? नाव घेत नाही, पण आपल्याच जिल्ह्यातल्या एका दुकानाची गोष्ट. माझ्या भाच्याने जुनी सेडान घेतली. दुकानदार म्हणाला, पंधराचे काढ, सतरा इंची मॅग, म्हणजे मिश्रधातूचे रिम, टाक, रुंद टायर, रुबाब येईल. टाकले. रिम एवढं बाहेर आलं की घाटात पूर्ण वळण घेतलं की टायर मडगार्डला घासायचा. हबवर आपल्या तांबड्या मातीचा थर तसाच ठेवून वर चाक बसवलं, आणि हवेच्या बंदुकीने नट असे आवळले की पुढे पंक्चर झालं तेव्हा रस्त्यावर ते कोणालाच सुटेनात. एका बाजूचे टायर तर उलट्या दिशेने लावलेले. गालावर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो बघायला एक सेकंद लागतो. ज्या नक्षीने पाणी बाहेर फेकायचं, ती नक्षी पाणी आत ओढत होती. जुलैमध्ये झारापच्या पुढे हायवेवर साचलेल्या पाण्यात गाडी तरंगली आणि दुभाजकाला लागली. पोरगा वाचला. ‘पाऊसच तसा होता’, असं त्या दुकानदाराने सांगितलं. मंडळी, याचा मला संताप येतो. पाऊस तर दरवर्षी तसाच असतो!

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. तर मूळ मुद्दा.

हिवाळी टायर कोकणात आणा असं मी अजिबात म्हणत नाही. आपल्या किनाऱ्यावर पारा ७ अंशांपर्यंत उतरत नाही. इथल्या उष्ण रस्त्यावर ते मऊ रबर भराभर झिजेल आणि ब्रेकही लांब लागेल. घ्यायची आहे ती शिस्त. मृगाआधी आपण कौलं परततो, लाकडं भरतो, सुक्या मासळीची बेगमी करतो. गाडीचं काय करतो? वायपर बदलतो. गाडी रस्त्याला धरून असते ती चार तळव्यांएवढ्या जागेवर, आणि तिथे कोणी बघत नाही.

म्हणून ज्यांना परवडतं त्यांनी जून ते सप्टेंबरसाठी वेगळा संच ठेवावा, एक माप अरुंद, खोल नक्षीचा. उदाहरण देतो. ज्या गाडीला १९५/५५ चे, म्हणजे १९५ मिलिमीटर रुंद आणि गालाची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के असे, सोळा इंची टायर येतात, तिच्याच खालच्या मॉडेलला बहुधा १८५/६५ चे पंधरा इंची असतात. दोन्ही चाकांची उंची जवळजवळ सारखी, स्पीडोमीटर चुकत नाही. अरुंद टायरला पाणीही कमी बाजूला सारावं लागतं. फक्त टायर किती भार आणि किती वेग झेलतो ते सांगणारा निर्देशांक कंपनीने सांगितलाय त्याच्या खाली जाऊ नका.

ज्यांना दुसरा संच परवडत नाही त्यांनी नक्षी मोजावी. कायदा म्हणतो १.६ मिलिमीटर. नवा टायर आठेक मिलिमीटरचा असतो. मी म्हणतो, ३ च्या खाली आला की तो कोकणातल्या पावसाळ्यापुरता संपला. गोटा होईपर्यंत वापरणं ही काटकसर नव्हे.

हवा. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक सूत्र दिलं. हवा भरताना सांगतात त्या पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ काढा, १६.६ ने गुणा, साधारण ताशी तेवढ्या किलोमीटर वेगाला टायर पाण्यावर तरंगतो. ३६ दाबाला जवळजवळ १००, २५ दाबाला ८३. गोटा टायर त्याच्याही आधी तरंगेल. म्हणजे पावसात ग्रिप मिळावी म्हणून हवा कमी करणारे सगळे उलटं करतात. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना हे फोनवरच सांगा, निघायच्या आधी.

टायरचं वय गालावर असतं, चार आकडे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही दिसो, फार जुनं रबर कडक झालेलं असतं.

आणि शेवटचं, काढलेला संच ठेवायचा कुठे, हे मला दरवेळी विचारतात. रिमसकट असेल तर आडवा, एकावर एक. नुसते टायर असतील तर उभे, आणि महिन्याने थोडे फिरवा. खडूने ‘पुढे डावा’, ‘मागे उजवा’ असं लिहून ठेवा. उन्हात नको, ओलीत नको. विहिरीच्या पंपाच्या खोलीत तर मुळीच नको. मोटरच्या ठिणग्यांनी ओझोन तयार होतो आणि तो रबराला चिरा पाडतो. माळ्यावर जागा करा. आता प्रश्न असतील तर विचारा, टॉर्क पान्हा मी सोबत आणलाय, ज्यांना हातात घेऊन बघायचाय त्यांनी पुढे या.