मूठ आधी, पातं मग

(अगदी जवळून : उजवा तळहात. अंगठ्याच्या बेचक्यात फुटलेला फोड.)

हा फोड धारेमुळे आलेला नाही, मुठीमुळे आलाय. पाऊण तास काड्या सोलल्या आणि हात असा झाला. पातं उत्तम होतं, धारही होती, चाकू दिसायला तर रुबाबदार. घेताना या माणसानं पात्याची जाडी विचारली, पोलादाचं नाव विचारलं. (माणूस म्हणजे मीच, हात माझाच आहे.) मूठ मात्र दहा सेकंद धरून पाहिली. दहा सेकंद कुठलीही मूठ छानच वाटते.

(टेबलावर ओळीनं मांडलेले सहा चाकू. कॅमेरा डावीकडून उजवीकडे.)

सगळ्यात डावीकडचा सगळ्यात महाग. त्याचं काम तुम्ही आत्ताच पाहिलंत. उजवीकडे सरकत जाल तसे चाकू स्वस्त होत जातात. बुशक्राफ्टसाठी, म्हणजे रानात राहून लागेल ते हातानं बनवण्याच्या कामासाठी, हाताला आरामशीर आणि खिशाला परवडणारा चाकू शोधायचाय. म्हणून आपण बराच वेळ उजव्या टोकालाच रमणार आहोत.

(झाडाखाली बसलेला माणूस काडी सोलतोय. ढलप्या कुरळ्या होऊन गळतायत.)

बुशक्राफ्टमध्ये चाकूचं बहुतेक काम हे असं असतं. विस्तव पेटवायला झिलप्या काढायच्या, तंबूच्या खुंट्यांना टोक करायचं, भांडं टांगायला आकडा कोरायचा, वेळ मिळाला तर चमचा. एकेक कापणी हलकी, पण एका खुंटीत अशा कापण्या शंभराच्या पुढे सहज जातात. म्हणून चाकू किती दणकट आहे यापेक्षा शंभरावी कापणी हाताला कशी लागते, हे आधी बघायचं.

(लाल लाकडी मुठीचा जुना चाकू. कॅमेरा मुठीवरून हळूहळू फिरतो.)

या लाल मुठीजवळ जरा थांबू. स्वीडनमधल्या डालार्ना प्रांतात मोरा नावाचं गाव आहे. त्या परिसरात चाकू बनवण्याची परंपरा शेकडो वर्षांची. 1891 साली फ्रॉस्ट-एरिक एर्सन अमेरिकेत लाकूडतोडीच्या धंद्यात काम करून गावी परतले आणि लाकडं ओढायच्या घसरगाड्या बनवायला लागले. त्या कारखान्याला लागणारे चाकूही तिथेच बनू लागले, आणि पुढे चाकू हाच मुख्य धंदा झाला. 1912 मध्ये शेजारी दुसरा कारखाना उभा राहिला, के. जे. एरिकसन यांचा. 2005 मध्ये दोघे एक झाले. आज ‘मोराक्नीव’ म्हणून जो चाकू जगभर मिळतो, तो या घराण्यातला.

आता ही मूठ बघा. भूर्ज झाडाचं लाकूड, मध्ये किंचित फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. पिंपाला दोन बाजूंनी दाबलं तर होईल तशी. बोटांसाठी खाचा नाहीत, पुढे बोट अडवणारा कठडा नाही, नक्षीही नाही. हा सुताराचा, शेतकऱ्याचा, लाकूडतोड्याचा चाकू. ज्यांना तो दिवसभर धरायचा होता, त्यांनी मुठीवरून नको ते सगळं काढून टाकलं. बुशक्राफ्टचे चाकू म्हणून आज जे महागडे नमुने विकले जातात, त्यातले कितीतरी फिरून याच आकाराशी येतात.

(तळहाताशेजारी ठेवलेलं पातं.)

कॅनडाचे मॉर्स कोखान्स्की रानातल्या कौशल्यांचे मोठे शिक्षक होते. पात्याच्या लांबीसाठी त्यांचं माप सोपं : तळहाताच्या रुंदीएवढी. बहुतेकांच्या हाताला ते 9 ते 11 सेंटिमीटर भरतं. पातं यापेक्षा लांब असलं की टोक हातापासून दूर जातं आणि कोरताना मनगट उगाच झगडत राहतं. टेबलावरचा हा हिरवा चाकू मोराक्नीवचा ‘कंपॅनियन’. पातं साधारण 10.4 सेंटिमीटर, जाडी अडीच मिलिमीटर.

अडीच ऐकून पुष्कळांचं नाक मुरडतं. माझंही मुरडलं होतं.

(एकाच जाडीच्या दोन काड्या, दोन चाकू. शेजारी शेजारी, सावकाश वेगात.)

डावीकडे माझा महाग चाकू, पाच मिलिमीटर जाड. उजवीकडे अडीच. जाड पातं लाकडात शिरतं, थांबतं, आणि मग लाकूड कापायच्या ऐवजी फाकवायला लागतं. ढलपी मध्येच तुटते. पातळ पातं सरळ पुढे जातं. आता पात्याकडे नको, हातांकडे बघा. डाव्या चित्रात बोटांची पेरं पांढरी पडलीत. आवळलेल्या हाताला चांगली मूठसुद्धा बोचते. आराम मुठीत असतो असं मी म्हणत आलोय, पण त्यातला निम्मा पात्याच्या उतारात आणि धारेत आहे. धार गेलेला चाकू कितीही मऊ मुठीचा असो, हाताला फोड आणणारच.

(पात्याची कड, भिंगातून.)

उतार म्हणजे हा. पात्याच्या मधल्या भागापासून निघालेला सपाट भाग थेट धारेपर्यंत. स्कँडिनेव्हियन चाकूंची ही ठेवण, तिला ‘स्कँडी’ म्हणतात. नवशिक्यासाठी तिचा मोठा फायदा असा की धार लावताना कोन शोधत बसावं लागत नाही. सपाट भाग दगडावर टेकवायचा, दोन बोटांनी दाबायचा आणि घासायचं. दगड नसेल तर काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवा. आधी 400 नंबर, मग 1000, मग 2000. कागदावर चाकू नेहमी पाठीच्या दिशेनं ओढायचा, नाहीतर कागदच कापला जातो. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर आठ-दहा हात. बजेट तंग असेल तर चाकूवरच सगळे पैसे घालवू नका, या कागदांपुरते राखून ठेवा.

(कोळशाचा तुकडा. मुठीवर काळी पूड चोळणारी बोटं.)

आता माझ्या आवडीचा भाग. मूठ तपासायची कशी? तिच्यावर कोळशाची पूड चोळायची आणि वीस मिनिटं काम करायचं. नेहमी धरतो तसंच धरायचं, पण पकड बदलत राहायची. ही सरळ मुठीत आवळलेली. ही अंगठा पाठीवर ठेवलेली, बारीक कामाची. आणि ही छातीजवळची : धार शरीरापासून बाहेरच्या बाजूला, दोन्ही मनगटं छातीशी टेकलेली, आणि कोपर मागे ओढत कापायचं. या पकडीत जोर पाठीच्या स्नायूंचा लागतो, हाताचा नव्हे.

(घड्याळ. मग मूठ, उजेडात फिरवलेली.)

वीस मिनिटांनी मूठ स्वतः बोलते. जिथे काळा रंग सगळीकडे सारखा फिकट झालाय, तिथे हात नीट बसलाय. जिथे एखादा ठिपका चकचकीत उघडा पडलाय, उद्याचा फोड तिथेच येणार. माझ्या महाग चाकूवर असे चार ठिपके निघाले. दोन बोटांच्या खाचांच्या उंचवट्यांवर, एक मुठीच्या मागच्या काटकोनी कडेवर, आणि एक पुढच्या कठड्याच्या आतल्या बाजूला. त्या खाचा कोणाच्या तरी बोटांच्या मापानं पाडल्यात, माझ्या नाही. शिवाय छातीजवळची पकड घेतली की हात मुठीवर उलटा बसतो, मग खाचा कोणाच्याच बोटांना लागू पडत नाहीत.

हिरव्या स्वस्त चाकूवर एकच ठिपका निघाला, कठड्याजवळ. गाभा प्लास्टिकचा आणि वर रबरासारखं आवरण, त्यामुळे ओल्या हातातही सटकत नाही.

(दोन मुठींचे आडवे छेद, पांढऱ्या कागदावर पेन्सिलीनं काढलेले.)

एक गोल, एक अंडाकृती. गोल मूठ हातात फिरते, ती फिरू नये म्हणून आपण नकळत आवळतो, आणि हात दमतो. अंडाकृती मुठीत धार कुठल्या बाजूला आहे हे अंधारातही कळतं. चापट मूठ पिशवीत छान बसते, हातात नाही. पैसे वाचवायला मुठीच्या दोन्ही फळ्या पातळ ठेवलेल्या असतात, अशी मूठ स्वस्त चाकूंत पुष्कळ दिसते.

(पुठ्ठ्यात गुंडाळून चिकटपट्टी लावलेलं पातं. चाकू लाकडी ठोकळ्यात अडकवलेला.)

मूठ लाकडाची असेल तर ती बदलता येते, आणि याला खर्च जवळजवळ नाहीच. आधी पातं पुठ्ठ्यात बंद करायचं. मग कोळशानं दाखवलेल्या जागा 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासायच्या. थोडं घासा, हातात धरा, पुन्हा घासा. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. मागची काटकोनी कड गोल करा. चकचकीत व्हार्निश असेल तर सगळं उतरवा. दिसायला छान, पण घाम सुटला की त्याच्यावर कातडी चिकटते आणि ओढली जाते. मग 120, 240, 400 असे कागद चढवत न्यायचे.

(घासलेल्या मुठीवरून पाण्याचा हात फिरतो. लाकडाची लव उभी राहते.)

ही लव बघा. ओला फडका फिरवला की दबलेले तंतू उठतात. वाळू द्यायचं आणि 400 नंबरनं अलगद पुन्हा घासायचं. दोनदा असं केलं की नंतर पावसात मूठ खरखरीत होत नाही. त्यावर जवसाच्या तेलाचे तीन हात, प्रत्येक हात पुसून, वाळवून. तेलाचे फडके चुरगाळून ठेवू नका, पसरून वाळवा. ते आपोआप पेटू शकतात.

(प्लास्टिकची मूठ, तिच्यावरची बारीक उभी रेघ.)

प्लास्टिकच्या मुठीवर साच्याची शिवण असते. नखानं चाचपली की लागते. ती कागदानं घासून टाकली तरी पुष्कळ फरक पडतो. मूठ बारीक पडत असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मोज्यासारखा चढवा. दोरी गुंडाळू नका. फोटोत झकास दिसते, पण तिची प्रत्येक गाठ हातात उमटते.

(चाकूची पाठ. कानस फिरतेय, लोखंडाचा भुगा खाली.)

पाठीवरही नजर टाका. दाते असतील तर तो चाकू सोडून द्या, तिथे अंगठा टेकवताच येत नाही. गुळगुळीत पाठ अंगठ्याला सोयीची, पण ठिणगी पाडायच्या फेरो रॉडवर ती घसरते. म्हणून टोकाकडचा दोनेक सेंटिमीटर भाग तेवढा कानशीनं काटकोनी करायचा. अंगठा मुठीजवळ टेकतो, त्याला धक्का लागत नाही.

(लाकडावर ठेवलेलं पातं, त्यावर दांडक्याचा घाव. लाकूड दुभंगतं.)

आता ‘पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं’ या आग्रहाबद्दल. ज्याला रोज चाकू ठोकून लाकडं फोडायचीत, त्याच्यासाठी तो रास्त आहे. पण अशा चाकूंत पोलादाची कड मुठीच्या वर-खाली उघडी राहते. ती नीट घासलेली नसेल तर हाताला काचते, आणि थंडीत गारठतेही. कंपॅनियनचं पातं मुठीत बरंच आत जातं, पण शेवटापर्यंत नाही. मनगटाएवढं, गाठ नसलेलं लाकूड त्यानं फुटतं, ते तुम्ही आत्ता पाहिलंत. त्याहून जाड असेल तर चाकूनं लाकडाच्या दोन पाचरी करा, आणि दांडक्याचे घाव त्या पाचरींवर घाला.

पोलादाचं दोन वाक्यांत सांगतो. कार्बन पोलादाला धार पटकन लागते, पण ओलं ठेवलं की गंजतं. चाकू पुसायला विसरणाऱ्यांनी स्टेनलेस घ्यावा.

आणि हेही : मांड्यांच्या मध्ये धरून कधीच कापू नका, तिथे मोठी रक्तवाहिनी असते. चाकू बाळगण्याचे नियम जागोजागी वेगळे असतात, निघण्याआधी बघून घ्या.

(संध्याकाळचा उजेड. तोच तळहात, तीन आठवड्यांनंतर. फोडाच्या जागी नवी कातडी. हातात लाल मुठीचा चाकू, तेलानं गडद झालेला. मांडीवरच्या फडक्यावर अर्धवट चमचा.)

चमच्याचा दांडा झाला. खोलगट भाग या चाकूनं होत नाही, त्याला वाकड्या पात्याचा चाकू लागतो. तो आणलाय कालच. मूठ गोल आहे, व्हार्निशनं चकचकते.

(कोळशाचा तुकडा उचलणारी बोटं. काळोख.)