चहा नको म्हणणारी पोरं

(पडद्यावर: रस्त्याने चालत येणारे दोन तरुण. कॅमेरा छातीवरच्या पाटीवर.)

वय अठरा-एकोणीस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टाय, पाठीला सॅक. खिशावर काळी पाटी, पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘एल्डर’ आणि पुढे आडनाव. एल्डर म्हणजे वडीलधारा. ओठावर अजून धड मिसरूड नाही, पण पाटीवर वडीलधारा! अशी जोडी कुणाच्या घरी गेली आणि घरच्या बाईंनी गॅसवर आधण ठेवलं, की पोरं ओशाळं हसून म्हणतात, ‘‘चहा नको, पाणी चालेल.’’

आपल्याकडे चहाला नाही म्हणणारा माणूस एक तर पित्ताचा, नाहीतर रुसलेला. ही पोरं दोन्हींपैकी नाहीत. ती मॉर्मन आहेत, येशूला मानणाऱ्या आणि अमेरिकेत निघालेल्या एका पंथाचे प्रचारक.

हा शब्द कानावर पडला की समोरून ठरलेले प्रश्न येतात. ‘‘चार-चार बायका करणारे, ते का?’’ ‘‘घोडागाडीतून फिरतात, घरात वीज घेत नाहीत, तेच ना?’’ ‘‘रक्त घ्यायला नकार देतात ते?’’

घोडागाडीवाले आमिश. रक्त न घेणारे यहोवाचे साक्षीदार. ते दोन्ही वेगळे ख्रिस्ती पंथ. मॉर्मन मंडळी वीज वापरतात, गरज पडली तर रक्तही घेतात. त्यांच्यातल्या एकाच्या नावाचं हॉटेल तर पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर उभं आहे, जेडब्ल्यू मॅरियट. जेडब्ल्यू म्हणजे जॉन विलर्ड. १९०० साली अमेरिकेतल्या युटा राज्यात जन्मलेला, मेंढ्या पाळणाऱ्या आणि बीट पिकवणाऱ्या घरातला मुलगा. त्या हॉटेलात लग्नाचं जेवण जेवून आलेल्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

राहिला बायकांचा प्रश्न. तो मात्र हवेतून आलेला नाही.

(पडद्यावर: पालमायराचा परिसर, शेतं, लाकडी घरं.)

न्यूयॉर्क राज्यातलं पालमायरा. जोसेफ स्मिथ हा तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा. तो सांगू लागला की एका देवदूताने आपल्याला टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवले. त्या पत्र्यांवरचा मजकूर म्हणून जो ग्रंथ त्याने १८३० च्या मार्चमध्ये छापला, तोच ‘बुक ऑफ मॉर्मन’. पाच हजार प्रती, खर्च तीन हजार डॉलर. त्यासाठी मार्टिन हॅरिस नावाच्या त्याच्या अनुयायाने शेत गहाण टाकलं. ६ एप्रिलला चर्चची स्थापना झाली. ‘मॉर्मन’ हे त्या चर्चचं नाव नव्हे. ते त्या ग्रंथातल्या एका संदेष्ट्याचं नाव. बाहेरच्यांनी आधी चिडवायला चिकटवलं आणि मग कायमचं पडलं. पूर्ण नाव आहे चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. २०१८ मध्ये चर्चचे तेव्हाचे प्रमुख रसेल नेल्सन यांनी जाहीर विनंती केली की आम्हाला मॉर्मन म्हणू नका. त्याच्या काही वर्षं आधी याच चर्चने ‘मी मॉर्मन आहे’ अशा जाहिराती लावल्या होत्या! आपण या निवेदनात सोयीसाठी जुनाच शब्द वापरतोय, त्याबद्दल त्यांची माफी मागूनच.

पुढची सतरा वर्षं पळापळीची. १८३८ मध्ये मिझुरीच्या गव्हर्नरने लेखी हुकूम काढला की मॉर्मनांना शत्रू समजा, त्यांचा नायनाट करा किंवा राज्याबाहेर हाकला. हा हुकूम अधिकृतपणे रद्द झाला १९७६ साली. पुढे इलिनॉय राज्यातल्या नॉवू गावात जोसेफ स्मिथने आपल्यावर टीका करणाऱ्या वर्तमानपत्राचा छापखाना मोडायला लावला, त्यावरून तो तुरुंगात गेला आणि २७ जून १८४४ रोजी जमावाने तुरुंगात घुसून त्याला आणि त्याच्या भावाला गोळ्या घातल्या. उरलेल्यांना घेऊन ब्रिगहॅम यंग पश्चिमेला निघाला. २४ जुलै १८४७ ला तो सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला.

तिथे, १८५२ मध्ये, चर्चने उघडपणे जाहीर केलं की आमच्यात पुरुष एकाहून अधिक बायका करतात आणि ती आमच्या धर्माची आज्ञा आहे. स्वतः जोसेफ स्मिथने हे आधीपासून गुपचूप चालवलं होतं. अमेरिका हादरली. व्यंगचित्रकारांना तर पर्वणीच. दाढीवाला मॉर्मन, भोवती बायकांचा घोळका, मागे तुर्की सुलतानाचा जनानखाना. आणि इथे या गोष्टीत आपण येतो.

(पडद्यावर: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचं जुनं चित्र.)

जॉर्ज रेनल्ड्स हा ब्रिगहॅम यंगचा चिटणीस. दुसरं लग्न केलं म्हणून त्याच्यावर खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल आला १८७९ मध्ये. न्यायालय म्हणालं, श्रद्धा काहीही ठेवा, सरकार हात लावणार नाही; पण कृती कायद्याबाहेर असेल तर धर्माची सबब चालणार नाही. उदाहरण काय दिलं? नवऱ्याच्या चितेवर जळणं हे आपलं धर्मकर्तव्य आहे असं एखाद्या बाईला वाटलं, तर सरकारने तिला अडवायचं नाही का? म्हणजे सती! आणि त्याच निकालात असंही लिहिलं की मॉर्मन चर्च निघेपर्यंत बहुपत्नीत्व हे जवळपास फक्त आशिया आणि आफ्रिकेतल्या लोकांच्या जीवनाचं लक्षण होतं.

गोऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या, युरोपीय वंशाच्या मॉर्मनांचा अपराध असा मोजला गेला. तुम्ही आशियाई लोकांसारखे वागता. मॉर्मनांविषयीचा गैरसमज आपल्याविषयीच्या गैरसमजातून शिवलेला होता, कापड एकच.

गंमत पुढे आहे. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात हिंदू पुरुषांसाठी द्विभार्याप्रतिबंधक कायदा आला. त्याला आव्हान दिलं गेलं. पुत्रप्राप्तीसाठी दुसरी बायको करणं हा आमच्या धर्माचा भाग आहे, असा युक्तिवाद झाला. नरसू अप्पा माळी खटला म्हणून वकील मंडळी तो आजही वाचतात. १९५१ मध्ये मुंबई हायकोर्टात मुख्य न्यायमूर्ती छगला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी कायदा उचलून धरला आणि निकालात आधार घेतला तो अमेरिकेत आयडाहोतल्या एका मॉर्मनाच्या १८९० च्या खटल्याचा. ज्यांना ‘आशियाई’ म्हणून हिणवलं, त्यांच्या खटल्यातली वाक्यं आशियातल्या एका कोर्टात कामी आली.

तीन वर्षांनी तोच आयडाहोचा निकाल दिल्लीत निघाला, उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात. या वेळी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातली धर्माची व्याख्या अपुरी ठरवली. धर्म म्हणजे केवळ श्रद्धा नव्हे, आचारही त्याचा भाग आहे आणि तो आचार अन्न आणि पोशाखापर्यंतही जाऊ शकतो, असं न्यायालय म्हणालं.

अन्न आणि पोशाख. मॉर्मनांची सर्वात जास्त चेष्टा होते ती नेमकी याच दोन गोष्टींवरून.

(पडद्यावर: चहाची किटली, वाफ.)

आधी अन्न. १८३३ साली ओहायोतल्या कर्टलंडमध्ये जोसेफ स्मिथच्या घरी माडीवर पुरुषांची बैठक भरायची. ब्रिगहॅम यंगने पुढे सांगितलेली हकिकत अशी की मंडळी चिलमी ओढायची, तंबाखू चघळून जमिनीवर पिंका टाकायची आणि ती घाण जोसेफची बायको एमा हिला घासून काढावी लागे. तिची कुरकुर जोसेफच्या कानी गेली, आणि त्यानंतर जो ईश्वरी संदेश आला त्यात दारू, तंबाखू आणि ‘गरम पेयं’ वर्ज्य ठरली. गरम पेयं म्हणजे चहा आणि कॉफी, असा अर्थ लावला गेला. पिंका पुसणाऱ्या बाईच्या वैतागातून धर्माचा नियम निघावा, हे मला त्या सगळ्या सोन्याच्या पत्र्यांपेक्षा जास्त पटतं.

लोक समजतात की बंदी कॅफिनवर आहे. तसं नाही, चर्चने २०१२ मध्ये स्पष्टच सांगितलं. प्रोव्होमधल्या त्यांच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २०१७ पासून कॅफिनवालं कोल्ड्रिंक विकलं जातं आणि युटात कोल्ड्रिंकमध्ये सरबत नि क्रीम ओतून देणारी दुकानं जोरात चालतात. म्हणजे कटिंग चालत नाही, पण नारळाचं सरबत घातलेला कोला बादलीभर चालतो.

मग पोशाख. मंदिरात दीक्षा घेतलेले मॉर्मन कपड्यांच्या आत एक साधं पांढरं वस्त्र घालतात. सदऱ्यासारखा वरचा भाग, गुडघ्यापर्यंतचा खालचा. ईश्वराला दिलेल्या वचनाची आठवण म्हणून. अमेरिकेत याला ‘जादूची चड्डी’ म्हणून हसतात. २०१४ मध्ये चर्चने स्वतःच व्हिडिओ काढून ती वस्त्रं दाखवली, कृपया चेष्टा करू नका म्हणाले. ज्याच्या आजोबांनी अंगातलं जानवं जपलं किंवा ज्याच्या आईच्या गळ्यात पदराखाली तुळशीची माळ आहे, त्याला यात काही समजावून सांगावं लागू नये.

मंदिरांवरूनही असाच घोळ. ‘आत कुणाला सोडत नाहीत, काहीतरी लपवतात.’ मंदिरं वेगळी आणि रविवारची प्रार्थनागृहं वेगळी. मंदिरात फक्त परवाना असलेले सदस्य जातात, हे खरं. प्रार्थनागृहाचं दार मात्र कुणालाही उघडं असतं. तिथे ब्रेडचे तुकडे आणि छोट्या पेल्यांतून पाणी फिरवतात, द्राक्षारस नाही. समोरचा बिशप पगारी पाद्री नसतो. आठवडाभर दातांचा दवाखाना किंवा विम्याचं ऑफिस चालवणारा कुणीतरी असतो, पाचेक वर्षं फुकट सेवा करणारा.

(पडद्यावर: जुन्या कादंबरीचं मुखपृष्ठ, लंडनचं धुकं.)

परत बायकांकडे येऊ, कारण लोक तिथेच परत येतात. १८८७ मध्ये कॉनन डॉइलची शेरलॉक होम्सवरची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात खलनायक मॉर्मन आहेत. मुलीला जबरदस्तीने लग्नात ओढणारे, पळणाऱ्याला ठार मारणारे. डॉइल तोवर युटात गेलाच नव्हता. पण हिंसेचा भाग साराच मनाचा नव्हता, हेही सांगायला हवं. ११ सप्टेंबर १८५७ ला माउंटन मेडोज इथे मॉर्मन टोळीने कॅलिफोर्नियाला निघालेल्या सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली होती. पुढे १९२३ मध्ये डॉइल सॉल्ट लेक सिटीत व्याख्यानाला गेला तेव्हा मॉर्मनांनी त्याला आपलं सर्वात मोठं सभागृह दिलं. मोठ्या मनाचं काम म्हणायचं.

बहुपत्नीत्व चर्चने १८९० मध्ये थांबवत असल्याचं जाहीर केलं, कारण केंद्र सरकार त्यांची मालमत्ता जप्त करत होतं. चोरून चालूच राहिलं, म्हणून १९०४ मध्ये दुसरं फर्मान निघालं. तेव्हापासून दुसरी बायको करणारा चर्चबाहेर जातो. आजही ती प्रथा चालवणारे फुटीर गट आहेत. त्यांतल्या एकाचा प्रमुख वॉरन जेफ्स याला २०११ मध्ये टेक्सासच्या कोर्टाने जन्मठेप दिली. बातमीत लांब झग्यातल्या बायका दिसल्या आणि प्रेक्षकांनी ठरवलं, हेच मॉर्मन. लोकमत पाहणाऱ्या प्यू या अमेरिकी संस्थेच्या पाहणीत तर ८६ टक्के अमेरिकन मॉर्मनांनी बहुपत्नीत्व अनैतिक असल्याचं सांगितलं.

त्याच संस्थेने विचारलं, तुम्ही ख्रिस्ती आहात का? ९७ टक्के मॉर्मन म्हणाले, हो. इतर अमेरिकनांपैकी साधारण एक तृतीयांश म्हणाले, नाहीत. इथे मात्र याला नुसता गैरसमज म्हणून सोडून देता येत नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच तत्त्व, असं बाकीची चर्चं मानतात. मॉर्मन त्यांना वेगवेगळे मानतात. वर बायबलशेजारी आणखी एक धर्मग्रंथ. व्हॅटिकनने २००१ मध्ये मॉर्मन बाप्तिस्मा वैध नाही असं ठरवलं. हा दोन घरांमधला हद्दीचा वाद आहे, त्यात बाहेरच्याने निवाडा करू नये.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. चड्डीवर आणि चार बायकांवर हसण्यात जे विचारायला हवं ते राहून जातं. या चर्चने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९७८ सालापर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य दिलं नाही, हे किती जणांना माहीत आहे? जोसेफ स्मिथच्या बायकांमध्ये चौदा वर्षांची मुलगी होती, हे चर्चने जाहीर लेखात मान्य केलं ते २०१४ मध्ये. सदस्य उत्पन्नाचा दहावा हिस्सा देतात. त्या चर्चची अब्जावधींची गुंतवणूक नावापुरत्या कंपन्यांमागे झाकून ठेवल्याबद्दल २०२३ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने चर्च आणि त्याच्या गुंतवणूक संस्थेला मिळून ५० लाख डॉलर दंड केला. स्त्रियांना पौरोहित्य आजही नाही.

(पडद्यावर: हरिद्वार. पंड्याच्या मांडीवर लांब, अरुंद वही.)

शेवटी एक बातमी, जी भारतात बरीच गाजली. २०१२ मध्ये वृत्तपत्रांत आलं की मॉर्मनांनी महात्मा गांधींचा मरणोत्तर बाप्तिस्मा केला. त्याआधी होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंवरून हाच वाद पेटला होता, आणि १९९५ मध्ये चर्चने ते थांबवण्याचं ज्यू संघटनांना कबूल केलं होतं. मॉर्मन समजूत अशी की पूर्वजांच्या वतीने जिवंत माणसाने पाण्यात बुडी मारायची. तिकडे मृतात्म्याला ते पटलं तर त्याने घ्यावं, नाहीतर नाकारावं. मृतांची सदस्य म्हणून मोजणी होत नाही. तरी न विचारता दुसऱ्याच्या पितरांना हात लावणं कुणालाही झोंबणारच.

पण याच समजुतीपायी या लोकांनी जगभरच्या वंशावळी गोळा करायचा ध्यास घेतला. नावाशिवाय बुडी कुणाच्या नावाने मारणार? सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून त्यांनी तिजोऱ्या केल्यात आणि त्यांत मायक्रोफिल्मची लाखो रिळं ठेवलीत. त्यांच्या वंशावळ संस्थेने गेल्या शतकात हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही उतरवून घेतल्या. आपल्याकडे नाशकात तीर्थोपाध्यायाच्या वहीत असतात ना, तशाच नोंदी. कोण आलं, कुठल्या गावाहून, कुणाचा मुलगा, कुणाचा नातू, कुणाच्या अस्थी घेऊन. ती पानं आज ऑनलाइन पाहता येतात, फुकट. एका पानावर शाई पसरलीय, त्याखाली वाकडी सही, आणि समासात पंड्याने जागा पुरेना म्हणून उभं लिहिलेलं एक धाकट्या मुलाचं नाव.