सरासरीच्या खालचा अर्ज

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळवण्याची इच्छा आहे, परंतु पदवीचे ग्रेड आणि प्रवेश परीक्षेचे गुण मात्र मनासारखे नाहीत, अशा विद्यार्थ्यांविषयी आज मी बोलणार आहे. त्यांच्याहून अधिक धास्तावलेले त्यांचे पालकही हे भाषण ऐकत असतील, असे मी गृहीत धरतो.

तिथे वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमातील सर्व ग्रेडांची सरासरी, म्हणजे जीपीए, आणि एमकॅट या परीक्षेचे गुण, हे दोन आकडे अर्जात सर्वांत आधी दिसतात. जीपीए चारपैकी मोजतात. एमकॅटचे गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात असतात. एमडी, म्हणजे तिथली डॉक्टरची मूळ पदवी, देणाऱ्या महाविद्यालयांत अलीकडे प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७७ च्या आसपास आणि सरासरी एमकॅट ५११ ते ५१२ इतका आहे. हे आकडे ऐकून ३.४ आणि ५०६ गुणांचा विद्यार्थी खचतो. पण ही सरासरी प्रवेश मिळालेल्यांची आहे, आणि सरासरी म्हटली की त्यातले बरेचसे विद्यार्थी तिच्या खाली असणारच, ही साधी गोष्ट घाबरलेल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. एमकॅट देणाऱ्या सर्वांची सरासरी तर ५०१ च्या जवळपासच असते. याचा अर्थ वाट सोपी आहे असा मात्र नाही. २०२३ च्या प्रवेशासाठी सुमारे ५२ हजार जणांनी अर्ज केले आणि सुमारे २३ हजारांना जागा मिळाल्या, म्हणजे उत्तम गुण असलेल्यांपैकीही कित्येकांना नकार पचवावा लागला.

महाविद्यालयाची प्रवेश समिती हे आकडे कशासाठी पाहते, हे आधी समजून घ्यावे. १९२० च्या दशकात वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण फार मोठे होते, आणि ती गळती थांबवण्यासाठी १९२८ मध्ये एमकॅटची पूर्वज असलेली परीक्षा सुरू झाली. सर्वांत हुशार कोण हे ठरवणे हा तिचा मूळ हेतू नव्हता; हा विद्यार्थी अभ्यासाच्या ओझ्याखाली कोलमडणार तर नाही ना, एवढेच तिला पाहायचे होते. आजही कमी गुणांचा अर्ज हाती येतो तेव्हा समितीच्या मनात तोच प्रश्न असतो. म्हणून अशा विद्यार्थ्याचे पहिले काम आपले कमी गुण विसरायला लावण्याचे नसून, आता आपण हा भार पेलू शकतो याचा ताजा पुरावा समोर ठेवण्याचे आहे.

एक उदाहरण घेऊ. तीन विद्यार्थ्यांचा जीपीए ३.२ आहे. पहिल्याचा पहिल्या दोन वर्षांत २.६ होता आणि पुढच्या दोन वर्षांत ३.८ झाला. दुसऱ्याचा चारही वर्षे ३.२ च राहिला. तिसऱ्याने ३.८ ने सुरुवात केली आणि तो २.६ वर घसरला. बेरीज-भागाकार सारखाच आहे, पण गुणपत्रक वाचणाऱ्याला हे तीन वेगवेगळे विद्यार्थी दिसतात. पहिल्याची चढती कमान त्याच्या बाजूने बोलते. तिसऱ्याला मात्र, मध्ये काय घडले, याचे उत्तर द्यावे लागते, आणि माझ्या मते त्याने ते उत्तर मिळेपर्यंत अर्ज करूच नये. दुसऱ्याची अडचण सर्वांत अवघड आहे, कारण त्याच्या गुणपत्रकात ना आजार दिसतो ना बरे होणे.

आता नुसत्या आकड्याची डागडुजी किती होते तेही पाहा. १२० क्रेडिटांवर (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरणारे विषयाचे वजन) ३.० जीपीए असलेल्या विद्यार्थ्याने पदवीनंतर आणखी ३० क्रेडिटांचे विज्ञान विषय घेतले आणि प्रत्येकात पूर्ण चार मिळवले, तरी त्याची एकूण सरासरी ३.२ पर्यंतच जाते. एक अख्खे वर्ष आणि बराच पैसा खर्चून दोन दशांशांची वाढ, असा हिशेब मांडला तर हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटेल. परंतु जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र यांसारख्या कठीण विषयांत सलग दोन सत्रे उत्तम ग्रेड मिळाले, तर समितीला हवा असलेला ताजा पुरावा तिथे असतो, मग सरासरी ३.२ का असेना. जुने ग्रेड झाकून ठेवता येतील, असेही कोणी समजू नये. एमडी महाविद्यालयांच्या सामाईक अर्जात, म्हणजे एएमकॅसमध्ये, नापास झालेला विषय पुन्हा देऊन उत्तम ग्रेड मिळवला तरी दोन्ही ग्रेड मोजले जातात. डीओ ही डॉक्टरची दुसरी पदवी देणाऱ्या ऑस्टिओपॅथीच्या महाविद्यालयांत पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घेत असे, पण ती सवलतही २०१७ मध्ये बंद झाली. इथे झाकली मूठ चालत नाही.

वैद्यकीय विषयांचा वर्षभराचा मास्टर्स अभ्यासक्रम हा आणखी एक मार्ग आहे. त्यातल्या काहींमध्ये वैद्यकीय महाविद्यालयातील पहिल्या वर्षाचेच विषय शिकावे लागतात. तिथे चांगले गुण मिळाले तर शंकेला जागा उरत नाही, आणि वाईट मिळाले तर मग समजावून सांगण्यासारखेही काही उरत नाही. शिवाय पदव्युत्तर ग्रेड एएमकॅसमध्ये वेगळे दाखवले जातात, त्यांनी पदवीचा जीपीए वर जात नाही. ही दुधारी तलवार आहे. अभ्यासाची पद्धत न बदलता केवळ एक पदवी पदरात पडेल म्हणून कोणी त्यात उडी घेऊ नये.

एमकॅटबाबत माझे मत काहीसे कडक आहे. ही परीक्षा एका वर्षात तीनदा, सलग दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात एकूण सातदा देता येते. एवढी मुभा आहे म्हणून पहिला प्रयत्न अंदाज घेण्यासाठी खर्च करणारे विद्यार्थी स्वतःचेच नुकसान करून घेतात, कारण मिळालेले गुण पुढच्या अर्जांत महाविद्यालयांना दिसतात. अंदाज घेण्यासाठी पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा असतात. त्यांत सातत्याने हवे तेवढे गुण मिळू लागेपर्यंत तारीख पुढे ढकलावी, आणि त्यामुळे एक वर्ष लांबले तर लांबू द्यावे. परीक्षेत चार विभाग आहेत, आणि प्रत्येकाला ११८ ते १३२ गुण असतात. त्यातला उताऱ्यांचे वाचन आणि चिकित्सा हा विभाग पाठांतराला अजिबात दाद देत नाही. तिथे कमी पडणाऱ्यांनी आणखी एखादा क्लास लावण्यापेक्षा, रोज तासभर अनोळखी विषयावरचे गंभीर लेखन वाचून त्यातला युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत मांडून पाहावा. रसायनशास्त्राचा पायाच कच्चा असेल, तर मात्र प्रश्नसंचांचा ढीग सोडवून भागणार नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

गुण का घसरले हे अर्जात लिहावे का, असे मला अनेकदा विचारतात. कारण खरे असेल, आणि ते आता उरलेले नसेल, तर लिहावे, पण दोन-तीन वाक्यांत. घरातला आजार, पोटासाठी आठवड्याला तीस तास केलेली नोकरी, चुकीचा निवडलेला विषय, काहीही असो, घटना सांगावी, पुढे काय बदलले ते सांगावे आणि थांबावे. वैयक्तिक निबंधाला एएमकॅसमध्ये मोकळ्या जागा धरून ५,३०० अक्षरांची मर्यादा आहे. ती सारी जागा एका सत्रातल्या सी ग्रेडची कैफियत मांडण्यात घालवली, तर डॉक्टर का व्हायचे आहे हे सांगायला काय उरणार? प्राध्यापकांना दोष देण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. तो दोष खरा असला तरी वाचणाऱ्याला त्यात फक्त रडगाणे ऐकू येते.

अनुभवांच्या नोंदींसाठी अर्जात पंधरा जागा असतात, आणि त्या सगळ्या भरायलाच हव्यात असे नाही. चार ठिकाणी चार-चार आठवडे हजेरी लावण्यापेक्षा एकाच रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात दोन वर्षे टिकून काम केलेला उमेदवार अधिक भरवशाचा वाटतो. त्याला शिफारसपत्रही मनापासून मिळते, कारण लिहिणाऱ्याकडे त्याच्याविषयी सांगण्यासारखे काहीतरी असते.

समितीने लावलेला क्रम म्हणजे भविष्यवाणी नव्हे, याचा एक दाखला सांगतो. १९७९ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ह्यूस्टन येथील वैद्यकीय महाविद्यालयाने १५० विद्यार्थी निवडले होते. तेवढ्यात राज्याच्या विधिमंडळाने आणखी ५० जण घेण्यास सांगितले. वरच्या क्रमांकांचे उमेदवार तोपर्यंत इतरत्र गेले होते, त्यामुळे मुलाखत झालेल्या ८०० जणांच्या यादीतील शेवटच्या शंभरांतून ही निवड करावी लागली. पुढे दोन्ही गटांची तुलना करणारा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वैद्यकीय शिक्षणात आणि त्यानंतरच्या पहिल्या वर्षाच्या प्रशिक्षणात त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या दोन गटांमधले अंतर मुख्यतः मुलाखत घेणाऱ्यांच्या मतांमुळे पडले होते, गुणांचा त्यातला वाटा कमी होता. त्यामुळे गुणांना काही किंमतच नाही, असा निष्कर्ष या गोष्टीतून कोणी काढू नये.

अर्ज कुठे करायचा, यात बरेच विद्यार्थी फसतात. नामांकित महाविद्यालयांची यादी समोर ठेवून अर्ज भरणे म्हणजे शुल्काचे पैसे पाण्यात घालणे. राज्याच्या अनुदानावर चालणारी बहुतेक महाविद्यालये आपल्याच राज्यातील रहिवाशांना झुकते माप देतात, तेव्हा तिथून सुरुवात करावी. अटलांटातील मोरहाउससारखी काही महाविद्यालये वंचित वस्त्यांसाठी डॉक्टर घडवण्याच्या उद्देशाने उभी राहिली आहेत. ज्याने तसे काम खरोखर केले आहे त्याचा अर्ज तिथे अधिक आपुलकीने वाचला जातो. डीओ पदवी देणाऱ्या ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांत प्रवेश मिळालेल्यांचे सरासरी एमकॅट गुण ५०४ च्या आसपास असतात, आणि तिथून बाहेर पडलेल्या डॉक्टरांना अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत पूर्ण अधिकाराने व्यवसाय करता येतो. आपल्या घरांमध्ये ही पदवी कमी दर्जाची मानली जाते. त्यामागे माहितीचा अभाव आणि नातेवाइकांत मिरवण्याची हौस, यापलीकडे मला तरी काही दिसत नाही. कॅरिबियन बेटांवरील खासगी महाविद्यालयांचा विचार मात्र फार जपून करावा. तिथे प्रवेश सहज मिळतो, पण खरी चाळणी नंतर लागते. २०२४ मध्ये अमेरिकेतील एमडी महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षातील सुमारे ९३ टक्के उमेदवारांना रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातील प्रशिक्षणाची जागा, मिळाली, डीओंच्या बाबतीत हे प्रमाण ९२ टक्के होते, आणि देशाबाहेर शिकलेल्या अमेरिकन नागरिकांच्या बाबतीत ते ६७ टक्क्यांवर होते. अर्ध्यावर शिक्षण सोडावे लागलेले आणि तरीही कर्ज डोक्यावर असलेले विद्यार्थी तर या टक्केवारीत मोजलेच जात नाहीत.

अर्जाची व्यवस्था मे महिन्यात उघडते, साधारण मेअखेरीपासून अर्ज पाठवता येतात, आणि गर्दीच्या दिवसांत गुणपत्रक पडताळायला सहा आठवडेही लागतात. बरीच महाविद्यालये अर्ज येतील तसतसे मुलाखतीला बोलावतात, त्यामुळे कमी गुणांच्या उमेदवाराला उशीर परवडत नाही. पण अपुरा अर्ज जूनमध्ये पाठवण्यापेक्षा पुरा अर्ज पुढच्या वर्षी पाठवणे केव्हाही बरे. नकार आलाच, तर तोच अर्ज तारीख बदलून पुन्हा पाठवू नये. काही महाविद्यालये विनंती केल्यास अर्ज कुठे कमी पडला हे दूरध्वनीवरून सांगतात. त्या वेळी वही घेऊन बसावे, वाद घालू नये, जे ऐकू येईल ते जसेच्या तसे लिहून घ्यावे. आणि पालकांना एक विनंती. तो दूरध्वनी विद्यार्थ्यालाच करू द्या, तुम्ही करू नका.

नमस्कार.