प्लिमथचा बैल आणि मधले निम्मे

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय आंतरचतुर्थक विस्तार. आकडे चढत्या क्रमाने लावून चार सारखे भाग केले, की पहिला भाग जिथे संपतो तो पहिला चतुर्थक, तिसरा भाग जिथे संपतो तो तिसरा. तिसऱ्या चतुर्थकातून पहिला वजा करायचा. मधले निम्मे आकडे किती पसरलेत, ते कळतं. मध्य म्हणजे सरासरी आणि मध्यक म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, हे तुम्हाला ठाऊक आहेच, म्हणून थेट बैलाकडे वळू.

इंग्लंडमधल्या प्लिमथला गुरांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे एक स्पर्धा होती: समोरचा धष्टपुष्ट बैल कापून साफ केल्यावर किती भरेल? सहा पेन्सचं तिकीट घ्यायचं, त्यावर नाव, पत्ता आणि अंदाज लिहून द्यायचा. त्यात खाटीक होते, शेतकरी होते आणि नुसते हौशीही होते. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी ती तिकिटं मिळवली. सदोष तेरा बाजूला काढली, ७८७ उरली. मध्यक आला १२०७ पौंड. खरं वजन ११९८! ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकाच्या ७ मार्च १९०७ च्या अंकात हे छापून आलं.

गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात. पण त्याच तक्त्यात पहिला चतुर्थक आहे ११६२ आणि तिसरा १२३६. वजाबाकी ७४. पुन्हा सांगतो, ७४ पौंड. एवढ्या मोठ्या जनावराबद्दल निम्म्या लोकांचे अंदाज एवढ्याशा पट्ट्यात! शाळेत मध्यक आधी शिकवावा आणि सरासरी नंतर, असं माझं ठाम मत आहे. सरासरी घेतली की विक्षिप्त अंदाजाला जास्त जोर मिळतो, हे गॉल्टन यांनीही त्याच सुमारास लिहिलं होतं.

आता रीत. आधी आकडे चढत्या क्रमाने लावा. हे राहिलं तर पुढचं सगळं चुकतं. एकूण संख्येत एक मिळवून चारने भागा. ७८८ भागिले चार, १९७. म्हणजे १९७ वा अंदाज हा पहिला चतुर्थक, त्याच्या तिप्पट ५९१ वा हा तिसरा. १९७ हा क्रमांक आहे, उत्तर नव्हे. त्या क्रमांकावरचा आकडा घ्यायचा.

टोकाचे आकडे ओळखायला विस्ताराची दीडपट घ्या: १११. ती ११६२ मधून वजा करा, १२३६ मध्ये मिळवा. १०५१ च्या खालचे आणि १३४७ च्या वरचे अंदाज तपासायचे. तपासायचे, खोडायचे नाहीत.

एक्सेलमध्ये चतुर्थकाची दोन सूत्रं आहेत. अकरा आकडे असले तर पहिल्या चतुर्थकासाठी ‘ईएक्ससी’वालं (QUARTILE.EXC) तिसरा आकडा देतं, ‘आयएनसी’वालं (QUARTILE.INC) तिसऱ्या-चौथ्याच्या मधोमधचा. दोन तक्ते ताडून पाहायचे तर दोन्हीकडे एकच सूत्र ठेवा.