पंचमीचा दिवस, १६ तारखेचा फळा

(दृश्य : जिल्हा परिषदेची शाळा. कौलांवरून पाणी ठिबकतंय. सातवीतली एक मुलगी ओल्या फडक्यानं फळा पुसतेय.)

परिपाठाच्या आधी या फळ्यावर रोज तीन गोष्टी लिहिल्या जातात : वार-तारीख, सुविचार आणि दिनविशेष. सुविचार दोन-तीन दिवस तोच राहिला तरी कोणी काही म्हणत नाही. दिनविशेष मात्र रोज बदलावाच लागतो.

आज १६ ऑगस्ट. मुलगी वहीतून उतरवून घेतेय. १८८६, रामकृष्ण परमहंस यांचं निधन. १९६०, सायप्रस देश स्वतंत्र. १९७७, गायक एल्विस प्रेस्ली यांचं निधन. २०१८, अटलबिहारी वाजपेयी यांचं निधन. खाली चार बोटं जागा उरते. तिथं गुरुजी स्वतः खडू घेऊन लिहितात : १९४२, चिमूर आणि आष्टी.

दिनविशेष म्हणजे एसटीतला बाक. एकमेकांशी ओळख ना देख, तरी सगळे खेटून बसलेले. रामकृष्णांच्या शेजारी एल्विस! तारीख एक, एवढंच काय ते नातं.

पण कधी कधी शेजारी बसलेला माणूस लांबचा पाहुणा निघतो.

(दृश्य : वेचणीच्या दिवसांतलं कापसाचं शेत. मग बंद पडलेल्या जिनिंगचं पत्र्याचं छत.)

१८१९ चा १६ ऑगस्ट, सोमवार. इंग्लंडात मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर सुमारे ६०,००० माणसं जमली होती. त्यांत विणकर होते, गिरणीतले कामगार होते, पांढरे कपडे घालून आलेल्या बायका होत्या. एवढं मोठं गाव, पण संसदेत त्याचा स्वतःचा एकही प्रतिनिधी नाही. आम्हाला मताचा हक्क द्या, एवढीच मागणी. हेन्री हंट बोलायला उभा राहतो न राहतो तोच घोडेस्वार तलवारी उपसून गर्दीत घुसले. निदान पंधरा माणसं मेली, शेकडो जखमी झाली. चार वर्षांपूर्वीच नेपोलियनला हरवणारी वॉटर्लूची लढाई झाली होती. तिच्यावरून लोकांनी या दिवसाला चिडून नाव दिलं, पीटर्लू.

हे मँचेस्टर आपल्याला परकं नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि तिथल्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. खामगाव, अमरावती, हिंगणघाटचे बाजार त्या भावानं फुगले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. आपल्या पणजोबांच्या हातचं बोंड बोट चढून त्या गावी गेलं. ज्यांनी ते सूत कातलं, त्यांच्या आज्यांनी कदाचित पीटर्लू पाहिलं असेल. आता हा 'कदाचित' माझा आहे, इतिहासाचा नाही. पण फळ्यावर १८१९ आणि १९४२ एकाखाली एक लिहिले, तर मला ते परके वाटत नाहीत. बिनहत्यारी गर्दी, तिच्या तोंडी एक मागणी, समोर सरकारी हुकूम.

(दृश्य : चिमूरचा रस्ता, सकाळ. बालाजी मंदिराकडे जाणारी माणसं.)

आता चिमूर. तेव्हाचा चांदा जिल्हा, आजचा चंद्रपूर.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत 'भारत छोडो'चा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटे गांधीजींसह पुढाऱ्यांना पकडलं. ही बातमी गावोगाव झिरपायला आठवडा लागला. या भागात तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनं जमीन आधीच तयार केली होती. त्यांच्या भजनाला बसलेला माणूस उठताना देवाबरोबर देशही घेऊन उठायचा. सरकारला ते कळत होतं. त्याच ऑगस्टात महाराजांना अटक झाली.

१६ तारखेला सकाळी चिमुरात प्रभातफेरी निघाली. पुढाऱ्यांना पकडलं गेलं, लोक बिथरले आणि पोलिसांच्या गोळ्या सुटल्या. बालाजी रायपूरकर नावाचा सोळा वर्षांचा पोरगा पडला. त्यानंतर जे झालं त्याला आवर घालणारं कोणी उरलं नव्हतं. जमाव विश्रामगृहावर गेला, आग लागली, डुंगाजी आणि सोनवणे हे अधिकारी मारले गेले. हे सांगताना काही जण आवाज चढवतात, काही जण खाली आणतात. मी दोन्ही ऐकलंय. झाडं तोडून रस्ते अडवले गेले आणि ऐन पावसाळ्यात चिमूर तीन दिवस इंग्रजांच्या हाती नव्हतं.

१९ तारखेला फौज आली. घराघरांतले पुरुष धरून नेले. मागे उरलेल्या बायकांवर जे अत्याचार झाले, त्याबद्दल गाव अजूनही मोघम बोलतं, आणि आम्ही कॅमेरा घेऊन ते खोदून विचारलं नाही. या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी उपोषणाला बसले. त्रेसष्ट दिवस.

त्याच १६ ऑगस्टला वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत लोक झेंडा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले. तिथंही गोळीबार झाला, माणसं पडली. मग खवळलेल्या गर्दीच्या हातून फौजदार आणि शिपाईही गेले. दोन्ही गावांचे खटले पुढे 'आष्टी-चिमूर' या एकाच नावानं ओळखले गेले. फाशीच्या कोठडीत दिवस मोजणाऱ्यांसाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी जिवाचं रान केलं आणि अखेर त्यांची फाशी टळली. आष्टीच्या पाटीवर आज गावाच्या नावापुढे 'शहीद' लिहिलेलं असतं. अमरावती जिल्ह्यातल्या यावली आणि बेनोड्याचंही तसंच.

(दृश्य : घराचा ओटा. एक म्हातारी तांदूळ निवडतेय. चेहरा दिसत नाही, फक्त हात.)

आम्ही या आजीला विचारलं, १६ ऑगस्टचं तुम्ही काय ऐकलंय? ती म्हणाली, "तारीख-गिरीख मले काही माहीत नाही, बापू. माय सांगे, पंचमीच्या दिवशी झालं."

पंचमी म्हणजे नागपंचमी. पंचांग काढून पाहिलं. १९४२ साली श्रावण शुद्ध पंचमी १६ ऑगस्टलाच होती, आणि वार होता रविवार.

मग वाटलं, आजीची तारीख आमच्या तारखेपेक्षा जास्त सांगते. नागपंचमीला शेतात औत धरत नाहीत. डवरा उभा, बैल गोठ्यात. जमीन उकरायची नाही, चिरायचं-कापायचं नाही, तवा चढवायचा नाही. वारुळाला दूध-लाह्या वाहिल्या की माणूस मोकळा. ऐन डवरणीच्या दिवसांत एवढी माणसं सकाळीच रस्त्यावर कशी, याचं उत्तर '१६' या आकड्यात सापडत नाही, 'पंचमी'त सापडतं. हा माझा कयास आहे. पण गावात वाढलेल्या कोणालाही विचारून पाहा.

अडचण एकच. पंचमी एका जागी बसत नाही. २०२३ मध्ये ती २१ ऑगस्टला आली. २०२४ मध्ये नेमकी ९ ऑगस्टला, क्रांतिदिनी. २०२५ मध्ये तर २९ जुलैलाच येऊन गेली. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडं असतं. ती तूट भरून काढायला अधिक महिना येतो. त्यामुळे तिथी आधी मागे सरकत जाते आणि मग एकदम पुढे उडी मारते. साधारण एकोणीस वर्षांनी चंद्र-सूर्याचा हिशेब जवळपास जुळतो. १९४२ मध्ये चार वेळा एकोणीस मिळवा : २०१८. त्या वर्षी नागपंचमी एका दिवसानं हुकली आणि १५ ऑगस्टला आली. सकाळी झेंडावंदन, मग वारूळ. फळ्यावरचं वाजपेयींचं साल तेच, दुसऱ्या दिवसाचं.

तारखेचं आणि आमच्या गावांचं तसंही फारसं कधी जमलं नाही. हजेरीपट उघडा, अर्ध्या जुन्या माणसांचा वाढदिवस १ जुलै! माय सांगायची, "पोळ्याच्या करीले झाला." गुरुजी लिहायचे १ जुलै. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मात्र खरोखरच १ जुलैचे, १९१३ सालचे. राज्यात त्या दिवशी कृषिदिन असतो. तेव्हा कागदावर का होईना, आमचे बरेच शेतकरी कृषिदिनी जन्मलेले आहेत.

(दृश्य : नागपूरची दीक्षाभूमी. पांढरे कपडे, निळे झेंडे, रांगा.)

तिथी आणि तारीख यांची सर्वांत मोठी गाठ नागपुरात पडते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा घेतली, तो अशोक विजयादशमीचा दिवस होता. म्हणून दीक्षाभूमीवर गर्दी उसळते ती दसऱ्याला, तो कोणत्याही तारखेला येवो. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. तिथला सोहळा मात्र १५ आणि १६ ऑक्टोबरलाच भरतो, तारीख पाहून. एकाच आठवड्यातल्या दोन घटना. नागपूर चंद्राकडे पाहतं, चंद्रपूर कॅलेंडरकडे! याच नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापनाही दसऱ्याचीच, १९२५ सालची. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आला. त्या दिवशी शहरात दीक्षाभूमीची गर्दी, संघाची शताब्दी, आणि पलीकडे सेवाग्रामात गांधीजयंती. ट्रॅफिक पोलिसांना विचारा तो दिवस कसा गेला ते.

(दृश्य : गुरुकुंज मोझरी, तुकडोजी महाराजांचा आश्रम. संध्याकाळ उतरतेय. हजारो माणसं जमिनीवर बसलेली, भगव्या टोप्या.)

तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. आश्विन वद्य पंचमी. म्हणजे पुन्हा पंचमीच, अंधाऱ्या पंधरवड्यातली. मोझरीची पुण्यतिथी या तिथीनं होते, म्हणून तिचीही तारीख दरवर्षी वेगळी. पण महाराजांनी देह ठेवला ती वेळ घड्याळात नोंदलेली आहे : दुपारचे ४ वाजून ५८ मिनिटं. तिला कोणी हात लावत नाही.

दिवस पंचांगातून घेतात, मिनिट घड्याळातून. लाउडस्पीकरवरचं भजन थांबतं. चहाच्या टपरीवरचा माणूस गॅस बारीक करतो. घंटा होते.

(आवाज बंद. मौन संपेपर्यंत दृश्य तसंच ठेवावं.)