‘अयोग्य’ पोरांचा विनोद

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘माजी बालसैनिकांचा विनोद’. येतो, विनोदाकडे येतो. पण वाटेत एक शब्द आडवा पडलाय. शब्द नेपाळी कागदांतला, पण आपलाही, म्हणून जास्त टोचतो : अयोग्य.

२००६ मध्ये नेपाळचं यादवी युद्ध थांबलं आणि माओवादी सैनिक सात मुख्य नि एकवीस उपछावण्यांत आले. कुणाला सैनिक म्हणून धरायचं हे ठरवायला संयुक्त राष्ट्रांच्या पथकांनी मुलाखती घेतल्या. १९,६०२ पात्र ठरले, ४,००८ बाद. बाद झालेल्यांत १,०३५ जण उशिरा भरती झालेले. उरलेले २,९७३ अल्पवयीन, म्हणजे २५ मे १९८८ नंतर जन्मलेले. (तिकडे विक्रम संवत, २०४५ चा जेठ. आपल्याकडे शकावरून जन्मतारीख विचारली तर अर्धं सभागृह बाद होईल!)

आता बघा, मुलाला लढाईत ओढलं हा दोष ओढणाऱ्याचा. शिक्का कुणावर? पोरावर. ‘अयोग्य लडाकू’. गावात त्याचा अर्थ एवढाच, की हा लढायलासुद्धा कामाचा नाही! तपासणी संपली डिसेंबर २००७ मध्ये, सुटका झाली जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये. लहान म्हणून नाकारलेली पोरं बाहेर पडेतो बहुतेक सज्ञान झालेली. पुढे स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्या पात्र सैनिकांना पाच ते आठ लाख नेपाळी रुपये मिळाले. यांच्यापुढे पर्याय चार : हातकामाचं शिक्षण, छोटा धंदा, आरोग्यसेवेचं प्रशिक्षण किंवा शाळा. याच्यावर मी तासभर बोलू शकतो...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, विनोद.

तो बहुधा नावापासून सुरू होतो. फौजेत नाव वेगळं. घरी आई जुन्या नावानं हाक मारते, पोरगं वळतच नाही. आजोबा नमस्काराची वाट बघतात आणि याचा हात ‘लाल सलाम’ला पुढे. आठवीच्या बाकात गुडघे मावत नाहीत. यावर तो स्वतः हसला, तर शिकवणाऱ्यानं दुसरं हसावं. पहिलं कधीच नाही. पाहुण्यांसमोर ‘तो किस्सा सांग रे’ म्हणू नये, त्याचा खेळ होतो. मेलेल्या सोबत्यावरचा एकच विनोद रोज येतोय आणि झोप उडालीय, तर हसण्यावारी न नेता समुपदेशकाकडे न्यावं. मुलींच्या बाबतीत आणखी जपावं : फौजेत जातीबाहेर लग्न झालेलं, कडेवर मूल, सासर दार उघडत नाही. तिथं गावाची थट्टा म्हणजे निव्वळ छळ.

आणि हजेरीपटावर कुठलं नाव लिहायचं ते पहिल्याच दिवशी, एकट्याला बाजूला घेऊन विचारा. काही जण दोन्ही सांगतात. दोन्ही लिहा, रकाना पुरतो.